आर्माच्या ऑरेंज मुलुखात अर्धा दिवस : एका सहलीचे परीक्षण

मराठीत ‘लॉज’ म्हटले की रात्रीपुरती भाड्याने मिळणारी खोली डोळ्यांसमोर येते. उत्तर आयर्लंडच्या खेड्यांत हा शब्द अगदी निराळ्या अर्थाने रुळलेला आहे. तिथे लॉज म्हणजे ऑरेंज ऑर्डर या प्रॉटेस्टंट पुरुषांच्या बंधुसंघाची गावपातळीवरची शाखा. तिचे दहा-वीस किंवा फार तर चाळीस-पन्नास सभासद, तिची क्रमांक घातलेली सनद, तिचा रंगवलेला रेशमी ध्वज आणि बहुधा शेताच्या बांधाला लागून उभे असलेले तिचे साधेसुधे सभागृह. बेलफास्टमध्ये चार वर्षे राहूनही माझी या संघाशी ओळख १२ जुलैच्या मिरवणुकीपलीकडे गेली नव्हती, आणि त्या दिवशीही बंद दुकाने आणि बदललेले बसमार्ग यांमुळे होणारी चिडचिडच अधिक लक्षात राहिली होती. या संघाची जन्मभूमी दाखवणारी अर्ध्या दिवसाची सहल आर्मा काउंटीत एक छोटी स्थानिक संस्था चालवते असे कळल्यावर सप्टेंबरमधल्या एका शनिवारची जागा मी राखून ठेवली. माणशी ३५ पौंड. त्यात मिनीबस, मार्गदर्शक आणि शेवटी चहा. पैसे वसूल झाले का, असे कोणी विचारले तर मी ‘झाले’ असेच सांगेन; मात्र ज्या भागाची जाहिरात केली होती, त्याने ते वसूल झाले नाहीत.

सहल पोर्टाडाउन रेल्वे स्थानकाबाहेरून सकाळी दहाला निघते. बस वेळेवर आली, स्वच्छ होती, परंतु तिचा ध्वनिक्षेपक अर्धाच चालत होता, त्यामुळे मागच्या रांगांतील आम्हा सहा-सात जणांना पहिली वीस मिनिटे खिडकीबाहेर पाहण्यावाचून काही करता आले नाही. बाहेर पाहण्यासारखे पुष्कळ होते, ही गोष्ट वेगळी. आर्माला फळबागांची काउंटी म्हणतात, आणि सप्टेंबरात ठेंगण्या झाडांवर ब्रॅम्ली जातीची हिरवी, चवीला आंबट, शिजवून खायची सफरचंदे लगडलेली असतात. सफरचंदांच्या मुलुखात जन्मलेल्या संघाच्या नावात संत्रे कसे आले, असा विनोदी प्रश्न बसमध्ये कोणी तरी विचारलाच. त्या नावाचा फळाशी संबंध नाही. दक्षिण फ्रान्समधील ऑरंज या छोट्या संस्थानाचे नाव धारण करणाऱ्या घराण्यातील विल्यम तिसरा याने १६९० मध्ये बॉइन नदीकाठी कॅथलिक राजा जेम्स दुसरा याचा पराभव केला, त्या विजयाचे हे नाव आहे. लढाई जुन्या दिनदर्शिकेनुसार १ जुलैची. १७५२ मध्ये ब्रिटनने दिनदर्शिका बदलून ११ दिवस गाळले, आणि हळूहळू १ चे १२ होऊन ‘द ट्वेल्फ्थ’ रूढ झाला. मार्गदर्शकाने हे सारे बस थांबवून, मागे येऊन, पुन्हा एकदा सांगितले, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत.

पहिला थांबा डायमंड नावाचा चौरस्ता. पाहायला तिथे जवळजवळ काहीच नाही: चार अरुंद रस्ते, कुंपणे, एक चढण, आणि जवळच डॅन विंटर यांचे, गवताने शाकारलेले आणि विंटर कुळातील वंशजांनी जपलेले घर. इथे मात्र आमचे मार्गदर्शक खऱ्या अर्थाने रंगात आले. ते निवृत्त शिक्षक आहेत, आणि एखादी लढाई समजण्याआधी तिथल्या माणसांचे पोट कशावर चालत होते हे समजले पाहिजे, ही त्यांची पद्धत मला फार आवडली. अठराव्या शतकाच्या अखेरीस आर्मा हा तागाच्या कापडाच्या विणकामाचा बालेकिल्ला होता. घरोघरी माग, प्रत्येकाकडे दोन-चार एकरांचा जमिनीचा तुकडा, आणि त्या तुकड्याच्या पट्ट्यासाठी प्रॉटेस्टंट व कॅथलिक विणकरांत सुरू असलेली चढाओढ. १७७८ पासून कॅथलिकांवरील जमीनविषयक निर्बंध टप्प्याटप्प्याने सैल होऊ लागले, तशी शेजाऱ्याकडे पाहण्याची नजर बदलली. कॅथलिकांनी शस्त्र बाळगण्याला कायद्याची बंदी होती. ती शस्त्रे शोधण्याच्या निमित्ताने पहाटे घरांवर छापे घालणाऱ्या प्रॉटेस्टंट टोळ्यांना ‘पीप ओ’ डे बॉइज’ हे नाव पडले, आणि त्यांना तोंड देण्यासाठी कॅथलिकांची ‘डिफेंडर्स’ ही गुप्त संघटना उभी राहिली. दहा-बारा वर्षे धुमसत राहिलेला हा संघर्ष २१ सप्टेंबर १७९५ रोजी या चौरस्त्यावर पेटला. डिफेंडर्स चढण चढून आले, प्रॉटेस्टंट बाजू उंचावर आणि अधिक चांगल्या बंदुकांनिशी तयार होती, आणि थोड्या वेळात डिफेंडर्सपैकी कित्येक जण मारले गेले. मार्गदर्शकाने आम्हाला त्या चढणीवरून खालून वर चालायला लावले. तीन मिनिटांच्या त्या चालण्यात लागलेली धाप लढाईचा निकाल कोणत्याही नकाशापेक्षा नीट समजावून देते.

त्यानंतर लॉखगॉल हे गाव. एकच मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना जुनी, नीटनेटकी घरे, आणि त्यांतच जेम्स स्लोन यांचे घर. लढाई संपल्यानंतर संघ स्थापण्याचे ठरले आणि सुरुवातीच्या लॉजांना सनदा दिल्या गेल्या त्या स्लोन यांच्या या घरातून. ते खाणावळ-वजा मद्यगृह चालवत असत. आज तिथे ऑरेंज वारशाचे संग्रहालय आहे. ते २०१५ मध्ये युरोपीय संघाच्या शांतता निधीच्या मदतीने उभे राहिले आणि त्याचा दुसरा, मोठा भाग बेलफास्टच्या क्रेगा रोडवरील शॉम्बर्ग हाउसमध्ये आहे. संग्रहालय लहान पण काळजीपूर्वक मांडलेले आहे. सनद या वस्तूचे महत्त्व मला इथे कळले. क्रमांक १ ची सनद आर्माला न मिळता शेजारच्या टायरोन काउंटीतील डायन या वस्तीला मिळाली, कारण तिथल्या जेम्स विल्सन यांनी ‘ऑरेंज बॉइज’ नावाने आधीच माणसे जमवली होती. सनदेशिवाय लॉज भरू शकत नाही. सनद असलेल्या अनेक लॉजांचे मिळून एक जिल्हा लॉज, जिल्ह्यांचे मिळून काउंटी लॉज, आणि सर्वांच्या वर ग्रँड लॉज अशी ही उतरंड आहे. तिची पहिली पायरी खेड्यातल्या दहा-वीस शेतकऱ्यांची असते.

याच गावात ८ मे १९८७ रोजी पोलीस ठाण्यावर हल्ला करायला आलेल्या, आय.आर.ए. या ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेच्या ८ जणांना ब्रिटिश लष्कराच्या विशेष दलाने दबा धरून मारले आणि तिथून मोटारीने जाणारा एक निरपराध नागरिकही त्यात गेला. मार्गदर्शकाने ही घटना एका वाक्यात सांगितली आणि बस पुढे काढली. एवढ्याशा रस्त्यावर दोन शतकांच्या अंतराने काय काय घडून गेले, हे पचवायला पाच मिनिटे उभे राहू दिले असते तर बरे झाले असते. त्याऐवजी आमची तब्बल चाळीस मिनिटे वाटेवरच्या एका भेटवस्तूंच्या दुकानात गेली, जिथे घेण्यासारखे सफरचंदाच्या रसाखेरीज काही नव्हते.

सहलीतील खरी त्रुटी याहून गंभीर आहे. डायमंडची लढाई अर्धा तास रंगवून सांगणाऱ्या मार्गदर्शकांनी त्या लढाईनंतरच्या हिवाळ्यात काय झाले यावर अक्षरही काढले नाही. १७९५-९६ मध्ये आर्मा आणि आसपासच्या भागातून कॅथलिक कुटुंबांना दहशतीने हुसकावून लावण्यात आले. ‘नरकात जा किंवा कॉनॉटला जा’ अशा, आयर्लंडच्या पश्चिमेकडील कॉनॉट प्रांताची वाट दाखवणाऱ्या धमकीच्या चिठ्ठ्या दारांवर लागत, घरे मोडली जात, आणि विणकराच्या घरात शिरून आधी त्याचा माग आणि सूत नष्ट केले जाई, कारण माग मोडला की कुटुंब त्या गावात राहू शकत नसे. घर सोडलेल्यांचा आकडा सर्वसाधारणपणे ७,००० च्या घरात धरला जातो. आणि हे आरोप केवळ विरोधकांचे नव्हेत: आर्माचे गव्हर्नर लॉर्ड गॉस्फर्ड, जे स्वतः प्रॉटेस्टंट जमीनदार होते, त्यांनीच डिसेंबर १७९५ मध्ये काउंटीच्या दंडाधिकाऱ्यांना एकत्र बोलावून, या लोकांचा गुन्हा कॅथलिक असण्यापलीकडे काही नाही, असे स्पष्ट शब्दांत सुनावले होते. नव्या लॉजांचे सभासद यांत किती होते आणि टोळ्यांतील मोकाट लोक किती, यावर वाद होऊ शकतो; पण मौन हा त्या वादातला पक्ष होऊ शकत नाही. मी बसमध्ये प्रश्न विचारला तेव्हा ‘तो वादाचा विषय आहे’ एवढे उत्तर मिळाले, आणि मग पुन्हा सफरचंदे सुरू झाली. ३५ पौंड देणाऱ्या ग्राहकाला इतिहासाच्या सहलीत वादाचे विषयच हवे असतात, हे संस्थेने ध्यानात घ्यावे.

इथपर्यंतची सहल पाचपैकी तीन ताऱ्यांची. शेवटचा थांबा नसता तर मी ती कोणाला सुचवलीही नसती.

शेवटचा थांबा म्हणजे एका आडवाटेवरचे ऑरेंज सभागृह. लॉजच्या सभासदांची नावे-गावे माझ्या लेखात येऊ नयेत म्हणून ते कुठले, हे सांगत नाही. दगडी पायावर उभ्या विटांच्या भिंती, वर तांबूस रंग दिलेला पन्हाळी पत्रा, दर्शनी भिंतीत लॉजचा क्रमांक कोरलेली शिळा, खिडक्यांना लोखंडी जाळ्या. आत एक लांब खोली, शिसवी रंगाच्या खुर्च्या, समोर टेबल, टेबलावर उघडलेले बायबल, भिंतीवर घोड्यावर बसलेल्या विल्यमचे चित्र आणि महायुद्धांत गेलेल्या सभासदांची पाटी. वास ओल्या लोकरीचा, केरोसीनचा आणि चहाचा. आमचे स्वागत करायला सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ उभे होते; ते लॉजचे माजी सचिव आणि आता सभागृहाचे राखणदार. मी त्यांना मनातल्या मनात आजोबा म्हणू लागले आणि तेच नाव इथेही ठेवते. नंतरचा पाऊण तास सहलीतील सर्वांत मोलाचा होता, आणि तो पाऊणच तास होता, ही माझी तक्रार आहे.

आजोबांनी कपाटातून एक जाड, पाठीला कापडी पट्टी लावलेली वही काढली. मला वाटले होते की त्यात शपथा आणि गुपिते असतील. निघाले ते सभांचे इतिवृत्त आणि हिशेब: कोळशाचे पैसे, ढोलाला नवे कातडे, ध्वजाच्या दांड्या, जुलैसाठी बँडला द्यायची रक्कम, वर्गणी थकवलेल्यांची यादी, सभेला प्यालेल्या अवस्थेत आलेल्या एका बंधूला ठोठावलेला दंड, आणि मधूनच एखाद्या सभासदाच्या विधवेला मदत मंजूर केल्याची ओळ. अक्षर दर काही वर्षांनी बदलते, आडनावे फारशी बदलत नाहीत. कारखाने आणि शासकीय विमा येण्याआधी अशा लॉजने खेड्यात काय काम केले असेल, ते त्या दोन पानांवरून कळते: आजारपणात हात देणारे मंडळ, अंत्ययात्रेला खांदा देणारी माणसे आणि मुलाला नोकरीत चिकटवायला लागणारी ओळख, सारे एकाच ठिकाणी. यातली शेवटची गोष्ट लॉजबाहेरच्या माणसाला किती महागात पडत असेल, हेही त्याच पानावरून कळते.

इमारत असो वा नसो, लॉज टिकत आले आहे. १८३५ मध्ये संसदेच्या समितीने चौकशी केल्यावर पुढच्या वर्षी ग्रँड लॉजने स्वतःला विसर्जित केले आणि १८४५ पर्यंत संघ पुन्हा रीतसर उभा राहिला नाही. १८५० ते १८७२ या काळात तर मिरवणुकांवर कायद्यानेच बंदी होती. त्या काळात सभा शेतघरांच्या स्वयंपाकघरांत आणि कोठारांत होत, असे आजोबांनी सांगितले. सभेच्या वेळी दाराशी उभे राहून परवलीचा शब्द विचारणाऱ्या पदाधिकाऱ्याला ‘टायलर’ म्हणतात. ‘इथे सगळ्यांना सगळे ओळखतात, मग शब्द कशाला विचारता?’ असे मी विचारले. त्यावर ते हसून म्हणाले, ‘ओळखतो म्हणूनच. कोण उशिरा आला, ते मला दारातच कळते.’

चहाची व्यवस्था तीन स्त्रियांकडे होती. लॉजच्या सभासदत्वात त्यांना स्थान नाही. स्त्रियांची संघटना वेगळी आहे. पण सभागृहाचा नवा पत्रा कोणाच्या केक-विक्रीतून आला, असे विचारल्यावर आजोबांनी निमूटपणे चहाच्या टेबलाकडे बोट केले. इथे आठवड्यात बासरी बँडचा सराव होतो, रविवारी मुलांचा धर्मवर्ग भरतो, हिवाळ्यात पत्त्यांचे डाव आणि सुगीनंतरचे जेवण होते. गावातली शाळा आणि टपाल कार्यालय बंद झाल्यावर दिवे लागणारी ही एकच खोली उरली आहे. एका स्त्रीने मला गरम स्कोनवर लोणी लावून देताना सांगितले की तिचे लग्नही याच खोलीतल्या नाचात ठरले होते.

खिडक्यांच्या जाळ्यांविषयी विचारणे मला जड गेले, पण विचारले. सीमाभागातील एकाकी सभागृहे जाळण्याचे प्रकार अनेक वर्षे होत आले आहेत, म्हणून जाळ्या. मग आजोबांनी दक्षिण आर्मामधील टलीव्हॅलनचे नाव काढले. १ सप्टेंबर १९७५ च्या रात्री तिथल्या ऑरेंज सभागृहात सभा संपत असताना बंदूकधारी आत शिरले आणि त्यांनी केलेल्या गोळीबारात पाच सभासद गेले. मद्यवर्जनाचे व्रत नावातच असलेले, शेतकऱ्यांचे लहानसे लॉज होते ते. त्या वर्षानंतर आपल्या लॉजमध्ये दाराकडे पाठ करून कोणी बसत नसे, असे आजोबा म्हणाले, आणि खुर्च्यांच्या रांगा अजूनही भिंतीला समांतर का आहेत ते मला तेव्हा दिसले.

बसमध्ये ज्याचे उत्तर मिळाले नव्हते तो प्रश्न मी त्यांनाही विचारला. ते थोडे थांबले. ‘माझ्या शेतात नांगराला अजून जुन्या घराच्या पायाचे दगड लागतात,’ ते म्हणाले. ‘ते घर कोणाचे, हे माझ्या आजोबांनी कधी सांगितले नाही, आणि मीही कधी विचारले नाही.’ यापेक्षा अधिक ते बोलले नाहीत. शेजारचे कॅथलिक कुटुंब १२ जुलैला आपल्या गाई दोहून देते, हेही त्यांनी सांगितले. हे वाक्य ग्रामीण ऑरेंजमनच्या तोंडी इतक्यांदा ऐकू येते की ते मी सवयीने सोडून देणार होते. परंतु परत जाताना त्या शेजाऱ्याचाच ट्रॅक्टर सभागृहाच्या आवारात लावलेला दिसला, तेव्हा मी माझी शंका मागे घेतली. त्या शेजाऱ्याला लॉजचे सभासद मात्र कधीच होता येणार नाही, कारण नियमाप्रमाणे सभासद प्रॉटेस्टंटच असावा लागतो, ही गोष्ट दोघांनाही ठाऊक आहे आणि ट्रॅक्टर तरीही तिथे आहे.

एक गोष्ट आजोबांच्याही सांगण्यातून निसटली, आणि ती पर्यटकाने आपली आपण लक्षात ठेवावी. चहा, बायबल आणि विधवांची मदत हे सारे खरे असले, तरी हा संघ केवळ गावचे मंडळ कधीच नव्हता. १९२१ ते १९७२ या काळात उत्तर आयर्लंडला लाभलेले सहाही पंतप्रधान ऑरेंज ऑर्डरचे सभासद होते, आणि ब्रिटनशी एकत्र राहण्याच्या बाजूच्या अल्स्टर युनियनिस्ट पक्षाशी असलेले औपचारिक नाते संघाने २००५ मध्ये जाऊन तोडले. मतदारसंघाचा उमेदवार ज्या बैठकीत ठरे, त्या बैठकीची एक खुर्ची अशाच पत्र्याच्या छपराखालून जात असे. २०२१ च्या जनगणनेत कॅथलिक पार्श्वभूमीचे लोक ४५.७ टक्के आणि प्रॉटेस्टंट ४३.५ टक्के निघाले. त्या आकड्यांची सावली आजोबांच्या बोलण्यात होती, पण त्याहून मोठी चिंता त्यांना त्यांच्या दोन्ही नातवंडांनी ग्लासगोला नोकरी धरल्याची होती.

ही सहल कोणी घ्यावी? ज्यांनी उत्तर आयर्लंडच्या इतिहासाचे थोडे तरी वाचन केले आहे त्यांनी अवश्य घ्यावी, आणि १७९५-९६ च्या हकालपट्टीविषयी आधी वाचून जावे, म्हणजे बसमधल्या गाळलेल्या जागा स्वतः भरता येतील. लहान मुलांना डायमंड कंटाळवाणे वाटेल. चढणीसाठी चिखलात चालतील असे बूट हवेत. संस्थेला माझी एकच सूचना आहे: दुकानातली चाळीस मिनिटे सभागृहाला द्यावीत. जूनच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सहल बंद असते, कारण चालक, मार्गदर्शक आणि आजोबा तिघेही तेव्हा मिरवणुकांच्या तयारीत असतात.

सभागृहाच्या कोपऱ्यात लॅम्बेग ढोल ठेवलेला असतो: जवळजवळ मीटरभर व्यासाचा, दोन्ही तोंडांना बकरीचे कातडे, दोरांनी ताणलेला, वजन अठराएक किलो, आणि तो वाजवायचा तो दोन लवचीक वेतांनी. विनंती केली तर आजोबा तो गळ्यात अडकवू देतात. पट्टा बांधण्याआधी चष्मा काढून ठेवावा, आणि पहिला ठोका हळू मारावा. मी तसे केले नाही, आणि चहाच्या टेबलावरच्या बश्या संध्याकाळपर्यंत माझ्या कानात वाजत राहिल्या.